एक नंबरचं चाक

३ मार्च, मंगळवार

ही वही दातांच्या लॅबमधली. प्रत्येक पानावर रकाने छापलेले आहेत: रुग्ण, दात, छटा, डॉक्टरांची सूचना. अठरा वर्षं अशा वह्यांत मी दुसऱ्यांचे दात लिहिले. आज स्वतःचं लिहायला बसले तर पेन आपोआप 'छटा'च्या रकान्यात गेलं. आजची छटा: पिवळट.

लिहायचं कारण एवढंच की कुणाशी तरी बोलायला हवं आणि घरात तशी सोय नाही. नवरा दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो. घरी आला की त्याला चढउतार नको असतो. सासऱ्यांशी बोलावं तर विषयच ते आहेत.

बाबा, म्हणजे सासरे, सेहेचाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतात. रिळाचे, जुने. त्यातला एक चौकोनी, दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून बघायचा. त्याच्यात रीळ पुढे सरकवणारं एक प्लास्टिकचं दातेरी चाक असतं, नखाएवढं. साठ वर्षांत ते चिरतंच. कंपनी कधीच बंद पडली. चाक मिळत नाही म्हणून चांगले कॅमेरे शोभेला ठेवलेत लोकांनी. दिवाळखोर घरातल्या चांदीसारखे, दाखवायला फक्त.

डिसेंबरात मी म्हणाले, "बाबा, मी धातूचे दात ओतते. एक चाक नाही ओतता येणार?"

ते म्हणाले, "ओतता येईल. चालेल का ते बघावं लागेल."

त्या एका वाक्यावर मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. नवरा म्हणाला, "दात सोडून दातेरी चाकांकडे. तुझ्या नशिबातले दात काही पडत नाहीत." लॅबचे डॉक्टर म्हणाले, "एकतीस मार्चपर्यंत तुझी खुर्ची धरून ठेवतो. एक तारखेला तिच्यात तू तरी असशील, नाहीतर दुसरं कुणी."

दोन महिने भट्टी बसवण्यात, साचे फोडण्यात गेले. हातात अठ्ठावीस दिवस आहेत. मागच्या गॅलरीत भट्टीपासून दारापर्यंत सात पावलं होतात. आज किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही.

५ मार्च, गुरुवार

चाक झालं! चिरलेल्या चाकाची चीर मेणाने बुजवली, सिलिकॉनमध्ये ठसा, त्यातून मेणाचं चाक, मग पितळ. थेट दाढेची टोपी करतात तसंच. प्लास्टिक इतक्या वर्षांत आकसलेलं असतं, म्हणून दांडीवर बसणाऱ्या मधल्या भोकाचं माप मी चाकावरून घेतलंच नाही, बाबांच्या जुन्या नोंदवहीतून घेतलं.

"वाच तूच," ते म्हणाले, "माझा चष्मा आत राहिलाय." चष्मा त्यांच्या कपाळावर होता. वय झालं की माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, त्यात काय.

नोंदवहीत त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात: दांडी दीड मिलिमीटर. मी भोक दीडच्या वर दोन शतांश ठेवलं. चाकावर सुईने '१' कोरलं. फार सुंदर झालंय. दातांच्या कामात असं कधी वाटलं नाही, कारण दात शेवटी कुणाच्या तरी तोंडात जातो आणि तोंड मिटतं.

उद्या बाबा बसवून बघतील.

६ मार्च, शुक्रवार

"बसत नाही."

दोन शब्द. बाबा एक तास खिडकीशी बसले होते, पाठ माझ्याकडे. टेबलावरच्या दिव्यातला बल्ब बदलून परवा दुप्पट उजेडाचा लावून घेतलाय, त्याला हात लावलेला चालत नाही. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात तो इतका तापतो की जवळ चहा ठेवला तर गार होणार नाही.

"कुठे अडतं?" मी विचारलं.

"भोक लहान आहे. दांडीवर उतरतच नाही."

मी बघू का म्हणाले. त्यांनी कॅमेऱ्यावर तळवा ठेवला. "उघडलेल्या कॅमेऱ्यात एकाच माणसाचे हात जातात. दोघांचे गेले की स्क्रू हरवतो आणि दोघंही म्हणतात, मी नाही."

नियम मला मान्य आहे, आमच्याकडेही तोच होता. अठरा वर्षांत मी एकाही रुग्णाच्या तोंडात बोट घातलं नाही, तोंडही पाहिलं नाही. दात जायचा, चिठ्ठी परत यायची: 'घट्ट', 'उंच लागतो', 'डावीकडे घासा'. मी घासायची. चिठ्ठीशी वाद घालायचा नसतो. ज्याच्या तोंडात दात, त्याचं म्हणणं खरं.

तर घासू.

८ मार्च, रविवार

दोन नंबरचं चाक. भोक आणखी दोन शतांश मोठं. "घट्ट."

आणि बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत. कानाकडे बघतात. माझ्या उजव्या कानाच्याही पलीकडे, भिंतीकडे. मी माणूस नाही, खुंटीवरची पिशवी आहे. सासूबाई होत्या तेव्हा असं नव्हतं. तेव्हा निदान रागावताना तरी सरळ बघायचे.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा म्हणतात तर असेल घट्ट." आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करायची?

९ मार्च, सोमवार

प्राध्यापकांचा फोन. हे निवृत्त गृहस्थ याच कॅमेऱ्याच्या शौकिनांचं मंडळ चालवतात. चोवीस सभासद, चोवीस बंद कॅमेरे. चाकं नीट निघाली तर पुढे मंडळाचं सगळं सुट्या भागांचं काम आमच्याकडे. बाबांना फोन दिला. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही चाक बाहेर पडणार नाही," म्हणाले.

हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

आता ही नुसती घरी बसून करायची हौस उरली नाही. चोवीस माणसं वाट बघतायत, आणि लॅबमध्ये माझी खुर्ची वाट बघतेय. यातलं एकच होणार. दुपारभर गॅलरीत येरझारा. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं.

१२ मार्च, गुरुवार

आज एक उद्योग केला. दीड मिलिमीटरचा ड्रिल बिट उलटा धरून त्याच्या गुळगुळीत दांड्यावर एक नंबरचं चाक सरकवलं. लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. न डगमगता फिरलं.

म्हणजे माझ्या टेबलावर बसतं, बाबांच्या कॅमेऱ्यात बसत नाही.

धीर करून विचारलं, "बाबा, तुमच्या वहीत दीडच लिहिलंय. दांडी कधी जाड होते का?"

"वही जुनी आहे. हा कॅमेरा वेगळा आहे." मग भिंतीकडे बघत, "चार महिने झाले नाहीत आणि सूनबाई मला दांडी शिकवायला लागल्या."

माझी अठरा वर्षांची मापं जिभेवर आली होती, गिळली. सेहेचाळीस वर्षांपुढे चार महिने. शिवाय डोळे मिटून नुसत्या आवाजावरून शटर किती मंद आहे ते सांगणारा माणूस आहे हा. मी कोण? मेण कोरणारी.

एक नंबरचं चाक दातांच्या छटांच्या डबीत ठेवून दिलं. टाकवेना.

१३ मार्च, शुक्रवार

बाबांनी चहा कपाच्या बाहेर ओतला. सगळा बशीत, मग टेबलावर. "बशी वाकडी आहे," म्हणाले. बशी बघितली. सरळ आहे. चिडलेत माझ्यावर, दुसरं काय.

सकाळी पेपर माझ्यासमोर टाकला. "मोठ्याने वाच. तुझे उच्चार सुधारतील." चाळिशी उलटली माझी! वाचला. मृत्यूच्या बातम्यांपासून हवामानापर्यंत सगळा. ते खुशीत होते.

१४ मार्च, शनिवार

तीन नंबरही 'घट्ट' ठरलं. आज चार नंबर. भोक आता दीडच्या वर आठ शतांश. सकाळी दहाला, ऊन थेट टेबलावर असताना, बाबा ओरडले, "बसलं!"

नाचायचंच बाकी होतं. त्यांनीही माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणजे आधी दंडावर, मग खांद्यावर.

तेच माप कायम. चोवीस चाकं ओतायची.

१८ मार्च, बुधवार

तीन दिवस लिहिलं नाही, भट्टीशीच होते. चोवीस झाली. बाबांनी एकेक अंगठ्याच्या पेरावर फिरवून पाहिलं, काही कॅमेऱ्यात घालून पाहिली. स्वतः पुडीत बांधली. कुरियर गेलं.

आता काही काम नाही आणि हात स्वस्थ बसत नाहीत. घरातल्या सगळ्या कात्र्यांना धार लावली. मग चमचे पॉलिश केले, दातांच्या पॉलिशने. नवरा म्हणाला, चमच्यात तोंड दिसतंय, भीती वाटते.

२१ मार्च, शनिवार

फोन नाही. मला ते भोक टोचतंय. आठ शतांश फार आहे. ड्रिल बिटच्या दांड्यावर उरलेलं चार नंबरचं चाक टाकलं तर ते दुखऱ्या दातासारखं हलतं. पण मी कधी न पाहिलेल्या तोंडाबद्दल कशाला मत द्यावं? 'घट्ट' म्हणून चिठ्ठी आली, सैल केलं. माझं काम तिथे संपलं.

संपलं तर मग हे लिहितेय कशाला?

२४ मार्च, मंगळवार

फोन आला. प्राध्यापक फार सभ्य माणूस. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चाकं डुगडुगतात. दाते मधूनच सुटतात, रीळ पुरतं सरकत नाही, एका फोटोवर दुसरा फोटो चढतो. एका सभासदाने नातीचा फोटो काढला, तिच्या कपाळातून विजेचा खांब उगवलाय. चोवीसही परत पाठवतायत. "तुमच्या सासऱ्यांच्या हाताखालून गेली होती ना?" एवढंच विचारलं.

मी हो म्हणाले. बाबा शेजारी उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ओतकामात गडबड झाली असणार. माप तुझं."

"भोक मोठं करा कोण म्हणालं?"

"मी घट्ट म्हणालो. इतकं मोठं कर म्हणालो का?"

मग माझं तोंड सुटलं. जे बोलले ते लिहीत नाही. शेवटी मी म्हणाले, "निदान बोलताना माझ्याकडे बघा तरी!" त्यावर ते भिंत चाचपत आत गेले.

डॉक्टरांना फोन करायचं ठरवलंय. एक तारखेला येते म्हणून सांगते. हौस फिटली.

२६ मार्च, गुरुवार

पुडा आला. चोवीस चाकं. फोडला नाही. डॉक्टरांना फोनही केला नाही. नंबर लावते आणि कापते. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

मला एकच जाणून घ्यायचंय. एक नंबर कुठे अडत होतं? कारण अडत असेल तर चूक वहीतल्या मापाची. चूक नेमकी कुठे आहे ते तरी कळू दे, मग खुशाल जाते दातांकडे.

२७ मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

दात उंच लागतो म्हणून तक्रार असली की दातांचे डॉक्टर एक निळा कागद चावायला देतात. जिथे लागतं तिथे निळा डाग पडतो. तेवढंच घासायचं. मला ही युक्ती आज सुचावी! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सकाळी बाबांना म्हणाले, "दांडीला या कागदाचा निळा रंग लावा आणि एक नंबर शेवटचं घालून बघा. भोकाच्या आत जिथे डाग पडेल तिथे अडतंय."

वाटलं होतं नाही म्हणतील. पण मंगळवारपासून तेही नरमलेत. बोटांनी दांडी धरून कागद तिच्यावर घासला. माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसले. मी दारात उभी. दहा मिनिटं. चिमट्याचा टिकटिक आवाज येत होता, काचेवर चोच मारावी तसा.

"नाही बसत," म्हणाले, आणि चाक मागे न बघता माझ्या दिशेने धरलं.

गॅलरीत येऊन भिंगाखाली ठेवलं. भोकाच्या आत एकही डाग नाही. स्वच्छ पितळ. भोकाभोवती, चाकाच्या पाठीवर, निळे ठिपके. अकरा मोजले. एक तर पार दात्यांच्या काठाशी.

चाक कुठे अडतच नव्हतं. ते दांडीवर गेलंच नव्हतं. त्यांना दांडी सापडत नव्हती.

जेवायला बसले तेव्हा त्यांच्या अंगठ्यावर, बोटांवर, मनगटापर्यंत निळं होतं. ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

वही मागे उलटली. चष्मा. पेपर. बशी. खांद्याआधी दंड. सगळं मीच लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात, आणि प्रत्येक ठिकाणी राग काढलाय. माझ्या कानाकडे बघतात म्हणे. कानाकडे बघितल्यावरच त्यांना माझा चेहरा कडेकडेने दिसत असणार. सरळ बघितलं की मधोमध काहीच नाही.

मला लाज वाटते. आणि रागही येतो, हे खोटं कशाला बोलू? एका शब्दाने सांगितलं असतं तर चोवीस चाकं वाचली असती. पण ड्रिल बिटवर चाक फिरताना मीही पाहिलं होतंच की. माझ्या मापावर माझाच विश्वास नव्हता, त्याला त्यांचे डोळे काय करणार?

२८ मार्च, शनिवार

नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ पान्हा पुसत बसला. "रस्ता ओलांडताना माझा शर्ट धरतात," म्हणाला. "दिवाळखोरासारखं लपूनछपून. मला वाटलं, म्हातारपण."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू तरी मला कुठे सांगितलंस, बशी सरळ होती म्हणून?"

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, दोन तारखेची. बाबांना कोण सांगणार ते ठरलं नाही. हा माणूस चाळीस फूट खोल खड्ड्यात लिफ्टखाली शिरतो आणि बापाला 'चला' म्हणायला घाबरतो. मीही घाबरते. त्यांच्याकडून ते टेबल काढून घेतलं तर मागे काय राहील?

३० मार्च, सोमवार

दिवसभर वाक्यं जुळवली. "बाबा, आजकाल उजेड कमी असतो नाही का" पासून "तुम्हाला दिसत नाही" पर्यंत. एकही तोंडातून निघेना. भट्टीपासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून भट्टीपर्यंत सात.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी ऊन टेबलावर आलं तेव्हा मी स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. कॅमेरा उघडाच होता. एक नंबरचं चाक चिमट्यात धरून दिलं.

"पुन्हा?" ते म्हणाले.

"पुन्हा."

त्यांनी हात पुढे केला. दांडीच्या अलीकडे, मग पलीकडे. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

ते ताठ झाले. "उघडलेल्या कॅमेऱ्यात..."

"एकाच माणसाचे हात. तुमचेच आहेत. मी फक्त धरलंय."

सोडवून घेतील असं वाटलं. नाही घेतलं. मी मनगट केसभर उजवीकडे नेलं, जरा खाली, आणि थांबले. बाकीचं त्यांच्या बोटांनी केलं. टक्. चाक उतरलं.

त्यांनी कळ फिरवली. कान कॅमेऱ्याला लावला. पुन्हा फिरवली. बारा फोटोंचं अख्खं रीळ संपेल इतक्या वेळा रिकामा कॅमेरा फिरवत राहिले. एकही दाता सुटला नाही.

"हे कितवं?"

"पहिलं."

"पाच तारखेचं?"

"हो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या आधी. मग हात लांब करून म्हणाले, "फोन लाव."

मला वाटलं, नवऱ्याला.

"प्राध्यापकांना लाव. त्यांना मी शब्द दिला होता."

लावून हातात दिला. मी उठायला लागले तर त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं, शर्ट धरावा तसं.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "चाकं चुकली ती सुनेमुळे नाही. तिचं पहिलंच बरोबर होतं, मी नापास केलं. मला मधलं दिसत नाही हो. कडेचं दिसतं. नऊ महिने झाले... नाही, घरी कुणाला माहीत नाही." इथे थांबले. "आता आहे. ती चोवीस पुन्हा करून देईल. तपासेल कोण? तीच. फिरवून ऐकायला मी आहे."

पलीकडून प्राध्यापक काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बाबा नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. फोन ठेवताना म्हणाले, "पंधरा दिवस द्या."

मी त्यांना दोन तारखेचं सांगितलं. "नेणार कोण?" एवढंच विचारलं. "मी," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

मग दोन्ही हातांनी चाचपत तापलेला दिवा धरला, हाय म्हणून सोडला, बुडाशी पकडला आणि टेबलाच्या कोपऱ्यातून ढकलत माझ्यापुढे आणून ठेवला.

"हा तुझ्या बाजूला असू दे," म्हणाले. "मला नुसताच भाजतो."

दुपारभर ओतकाम केलं, पाच चाकं. भोक दीडच्या वर दोन शतांश. हे लिहिताना आत्ता लक्षात आलं की डॉक्टरांना फोन करायचा राहिलाच.